सायकलला मागे ट्रेलर जोडायचाय, झाडांना पाणी नेण्यासाठी (नेरूळ)

रानवाट | ९ मार्च, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

गेल्या जुलैत आम्ही आठ-दहा जणांनी नेरूळला धारण तलावाच्या कडेच्या पायवाटेवर झाडं लावली. बहावा, करंज, कडुलिंब आणि सात ताम्हण. लावली ४०, आज उभी आहेत ३२. थंडीत कसंबसं निभावलं, पण आता ऊन चढायला लागलंय. करंजाची पानं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी परत उभी राहतात. पहिला उन्हाळा निघाला तर झाड आपलं. म्हणून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा, प्रत्येक झाडाला पाच लिटर, एवढं पाणी पोचवायचंच असं आम्ही ठरवलंय.

हिशोब सरळ आहे. ३२ गुणिले ५ म्हणजे १६० लिटर, म्हणजेच १६० किलो. नळ आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, तिथून पायवाट सव्वा किलोमीटर. पायवाटेच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत, चारचाकी आत जात नाही. सध्या मी हँडलला दोन आणि कॅरियरवर दोन असे पाच-पाच लिटरचे चार कॅन नेतो. २० लिटरची एक फेरी, अशा आठ फेऱ्या. बाकीच्यांना सकाळी ऑफिस असतं, त्यामुळे मधल्या वारी मी एकटाच.

गेल्या रविवारी घरातली सामानाची दोनचाकी ट्रॉली दोरीने कॅरियरला बांधली आणि ४० लिटर घेऊन निघालो. सपाटीवर ठीक चाललं. वाटेत नाल्यावर छोटा पूल आहे. त्याच्या उतारावर ब्रेक दाबला तशी ट्रॉली मागून ढकलायला लागली, सायकलचं मागचं चाक उजवीकडे फेकलं गेलं आणि मी आडवा. गुडघा खरचटला, दोन कॅन फुटले, कॅरियरची डावी सळी वेल्डिंगपाशी तडकली. मागे रिक्षा नव्हती म्हणून एवढ्यावर भागलं.

सायकल वडिलांची आहे. काळी, बावीस इंची, दांडीवाली, रॉडचे ब्रेक. तिलाच नीट ट्रेलर जोडायचाय. कुठे जोडायचा, चाकं कोणती, वजन किती घ्यायचं? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

---

घोडबंदर_रोज | ९ मार्च, रात्री १०.४०

आधी गुडघ्याची काळजी घ्या.

कॅरियरला किंवा सीटखालच्या नळीला ओढायचं वजन कधीच अडकवू नका. कॅरियर वरून खाली येणारा भार पेलतो, मागून बसणारे हिसके पेलायला तो केलेलाच नाही. जोड हवा तो मागच्या चाकाच्या मधल्या दांड्यापाशी, म्हणजे अ‍ॅक्सलपाशी, जितका खाली तितका बरा. बाकी तपशील वागळे_फिटर काका सांगतील. मी त्यांच्याच हातचा ट्रेलर कासारवडवली ते कोलशेत दोन वर्षं ओढलाय.

---

वागळे_फिटर | १० मार्च, सकाळी ६.५५

रानवाट, तुमचं पडणं वाचलं आणि राहवलं नाही. सवडीने वाचा, लांब लिहितोय. वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं फिटर होतो. निवृत्त झाल्यावर ठाण्यात सहा ट्रेलर केले. पहिले दोन चुकले. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून सांगतो.

पुलावर काय झालं ते आधी समजून घ्या. ब्रेक सायकलला आहे, ट्रॉलीला नाही. सायकल थांबायला लागली तरी ट्रॉली आपल्या जोरात पुढे येते आणि जोडाच्या जागी ढकलते. जोड कॅरियरवर, म्हणजे जमिनीपासून अडीच फूट उंच. एवढ्या उंचीवर ढकललं की मागचं चाक हलकं होतं, आणि हलकं चाक घसरतं. त्यात सायकल थोडी वळलेली असेल तर ते ढकलणं बाजूने बसतं. तेच ढकलणं अ‍ॅक्सलच्या उंचीवर, चाकाच्या मध्याशी बसलं असतं तर सायकल नुसती थोडी पुढे सरकली असती.

म्हणून जोड मागच्या अ‍ॅक्सलवर, डाव्या बाजूला. उजवीकडे चेन आणि फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) असतं, तिथे हात घालायचा नाही. पाच मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या, तिला दहा मिलिमीटरचं भोक पाडा आणि ती अ‍ॅक्सलच्या नटाखाली बसवा. इथे तुमच्या काळ्या सायकलची एक अडचण आहे. तिच्या त्याच अ‍ॅक्सलवर स्टँडचा पाय, कॅरियरची सळी आणि मडगार्डची तार, तिन्ही आधीच बसलेली असतात. वर पाच मिलिमीटरची पट्टी घातली की नटाला आटे उरत नाहीत. नट चढल्यासारखा वाटतो पण दोनच आट्यांवर असतो, आणि पहिल्या खड्ड्यात आटे सोलून निघतो. माझा पहिला ट्रेलर असाच निसटला. तेव्हा सायकलवाल्याकडून लांब अ‍ॅक्सल घालून घ्या. काम अर्ध्या तासाचं आहे. त्याच वेळी आतले छर्रे आणि कोन, म्हणजे बेअरिंगचे भाग, बदला, ग्रीस भरा. नट पूर्ण चढून अ‍ॅक्सलचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. आणि पट्टीला एक कान काढून तो चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या नळ्यांपैकी, खालच्या नळीवर टेकवा, म्हणजे पट्टी स्वतःभोवती फिरणार नाही. फिरली की ती नट सैल करते.

आता सांधा. हा सगळ्या कामाचा जीव आहे. सांध्याला तीन प्रकारे हलता आलं पाहिजे. वळताना डावी-उजवीकडे. गतिरोधकावर सायकल चढते आणि ट्रेलर अजून खालीच असतो, तेव्हा वर-खाली. आणि तिसरं लोक विसरतात. सायकल वळताना कलते, ट्रेलर कलत नाही, म्हणून पिळही बसला पाहिजे. हा तिसरा पीळ दिला नाही तर सायकल कलली की ट्रेलरचं एक चाक उचललं जातं, नाहीतर दांडा वाकतो.

दुसऱ्या ट्रेलरला मी मशीनमधला रॉड एंड लावला होता. गोल डोक्याचा बेअरिंगवाला सांधा, दिसायला सुंदर. पण तो आपल्या बोल्टभोवती पूर्ण फिरतो आणि बाकीच्या दोन दिशांना जेमतेम १२ ते १५ अंश झुकतो. आपल्याकडचे गतिरोधक आणि पेव्हर ब्लॉकच्या कडा यांना तेवढं पुरत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याची मान तुटली.

आता मी रबर वापरतो. ट्रकच्या रेडिएटरला लागतो तसा, आत कापडाचे थर असलेला जाड पाइप. १३ सेंटीमीटर तुकडा. एका टोकातून सायकलकडची नळी पाच सेंटीमीटर आत, दुसऱ्या टोकातून ट्रेलरचा दांडा पाच सेंटीमीटर आत, मध्ये तीन सेंटीमीटर मोकळं रबर. दोन्ही टोकांना आरपार सहा मिलिमीटरचा बोल्ट, मोठे वॉशर, लॉक नट, वरून क्लिप. ते तीन सेंटीमीटर तिन्ही दिशांना हलतं आणि हिसकाही गिळतं. रबर कधीतरी फाटणारच, म्हणून त्याच्या बाजूने नायलॉनचा पट्टा चिमट्याभोवती घेऊन दांड्याला बांधायचा, थोडा ढिला. सांधा तुटला तरी ट्रेलर रस्त्यावर मोकळा सुटता कामा नये. पट्ट्याशिवाय मी कुणालाही ट्रेलर दिलेला नाही.

दांडा डावीकडून निघून चाकाच्या मागे येईपर्यंत सरळ ठेवा, मग मध्यावर आणा. आधीच आत वळवला तर उजवीकडे वळताना टायरला घासतो.

सांगाड्याचं संध्याकाळी लिहितो. आता चहा.

---

शिवळ | १० मार्च, सकाळी ९.२०

माझं गाव जुन्नरकडचं, राहायला कोपरखैरणे. काकांचं वाचून आजोबांची बैलगाडी आठवली. माल भरताना ते सगळ्यात आधी जू हातावर तोलून बघायचे. मागे जड झाली तर गाडी उलाळ, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार जड झाली तर धुरजड, बैलाच्या मानेवर ओझं. जू हातात घेतल्यावर किंचित खाली ओढत राहिलं पाहिजे, एवढंच. पोतं चार बोटं पुढे-मागे सरकवून ते हे साधायचे.

सायकलच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू व्हायला हवा ना?

---

वागळे_फिटर | १० मार्च, सायंकाळी ७.३०

शिवळ, अगदी हाच. आजोबांना नमस्कार. उलाळ शब्द कित्येक वर्षांनी ऐकला.

रानवाट, आकड्यात सांगायचं तर माल आणि ट्रेलर मिळून जे वजन होईल त्याचा दहावा ते विसावा भाग जोडावर यावा. ७५ किलो असेल तर चार ते साडेसात किलो. उलाळ ट्रेलर मागचं चाक उचलतो आणि वेगात शेपटासारखा हलायला लागतो. मोजायला घरचा वजनकाटा पुरे. मागच्या अ‍ॅक्सलच्या उंचीइतक्या विटा रचा, त्यावर काटा, काट्यावर दांड्याचं टोक. उंची तीच हवी. दांडा जमिनीवर टेकवून मोजलं तर ट्रेलर तिरपा होतो आणि आकडा खोटा येतो.

सांगाडा: एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज. मीटरला १.२ किलो भरतो. तुम्हाला सहा-सात मीटर लागेल, म्हणजे आठ किलो. १८ गेज हलका असतो पण वेल्डिंगवाल्याचा हात थोडा जड असला की भोक पडतं.

चाकं: भंगारवाल्याकडे लहान मुलांच्या १६ इंची सायकली पडून असतात. त्यांची पुढची चाकं घ्या, दोन्ही एकाच मापाची. त्याच सायकलींचे पुढचे चिमटेही घ्या. चिमट्याची टोकं, जिथे अ‍ॅक्सल अडकतो ती खाच, कापून ट्रेलरच्या पाइपांना खालून वेल्ड करा. खाच खाली उघडी. वजन आलं की अ‍ॅक्सल खाचेत आणखी घट्ट बसतो. प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी पाइप हवा. एका बाजूने लटकवलेलं चाक सायकलच्या अ‍ॅक्सलला पेलवत नाही, वाकतो.

मोठी चाकं घेऊ नका. सायकल वळताना कलते, म्हणून तिच्या तारांवर सरळ भार येतो. ट्रेलर कलत नाही, त्यामुळे वळणावर सगळा आडवा जोर तारांवर बसतो. चाक लहान तितकं आडव्या जोराला घट्ट.

---

मीठबंदर | १० मार्च, रात्री ८.१५

एक मूलभूत शंका. पाण्याचे जार वाटणारे तीनचाकी माल-सायकल वापरतात. जुनी एखादी मिळवली तर एवढी खटपट कशाला? आणि ट्रेलरच हवा असेल तर तयार मिळत नाही का?

---

रानवाट | १० मार्च, रात्री ८.५०

तीनचाकी मी पाहून आलो. दोन अडचणी. खांबांमधलं अंतर ९० सेंटीमीटर आहे, ती त्यातून जात नाही. आणि ठेवायची कुठे? सोसायटीत एक स्कूटर ठेवायलाही भांडणं होतात. ट्रेलर सोडवून जिन्याखाली उभा करता येईल. काम नसेल तेव्हा सायकल परत मोकळी. मुलगी तिच्यावरून क्लासला जाते.

काका, पहिल्या दोन चुका इतक्या मोकळेपणाने सांगितल्यात, आभार. एका फेरीत ६० लिटर न्यायचं धरून कागदावर माप काढायला बसलोय.

---

उट्रेक्टहून | १० मार्च, रात्री ११.०५

मी मूळची नौपाड्याची, सध्या नेदरलँड्समध्ये. इथे मी मुलाला दोनचाकी ट्रेलरमधून पाळणाघरात सोडते, परतताना त्यातूनच भाजी.

तयार ट्रेलरची कल्पना यावी म्हणून सांगते. अमेरिकेच्या बर्लीचा नोमॅड नावाचा सामानाचा ट्रेलर आहे, त्याची मर्यादा ४५ किलो. बॉबचा याक एकचाकी, अरुंद वाटांसाठी छान, पण ३२ किलोच्या वर नाही, आणि एकचाकी ट्रेलरचा तोल सायकललाच सांभाळावा लागतो. आयोवातल्या एम्स गावी बाइक्स अ‍ॅट वर्क म्हणून छोटा कारखाना आहे, त्यांचे लांब ट्रेलर १३६ किलो घेतात. त्यांचीही चाकं दोन्ही बाजूंनी पाइपात धरलेली असतात, काका म्हणतात तशीच. तुमचे ६० लिटर हे नोमॅडच्या वर आणि या शेवटच्याच्या बरेच खाली बसतं. म्हणजे हलकं काम नाही, चौकट मजबूतच हवी.

इथल्या बहुतेक ट्रेलरांचा जोड डाव्या अ‍ॅक्सललाच असतो. ज्यांच्याकडे गिअरची सायकल आहे त्यांच्यासाठी: खटक्याने चाक निघणारी असेल तर आतली पाच मिलिमीटरची सळी लांब घ्यावी लागते. नव्या डिस्क ब्रेकवाल्या सायकलींना १२ मिलिमीटरचा आरपार अ‍ॅक्सल असतो, त्याला त्याच मापाचा आणि आट्यांचा वेगळा अ‍ॅक्सल लागतो. ज्याचे आटे जुळत नाहीत तो जबरदस्तीने घालू नका.

आणि झेंडा लावा. लवचिक काठीला डोक्याच्या उंचीवर भगवा, पिवळा, काहीही भडक. गाडीवाल्याला सायकल दिसते, मागचा बुटका ट्रेलर दिसत नाही. मागे लाल दिवा आणि दोन कोपऱ्यांना रिफ्लेक्टर.

---

बेलापूरची_डबेवाली | ११ मार्च, दुपारी २.३५

मी आणि जाऊबाई पोळीभाजीचे डबे करतो. तीन वर्षं ट्रेलरवरून सेक्टर १५ च्या ऑफिसांत पोचवते. फार वजन नसतं, ३० किलोच्या आत, पण चालवण्याबद्दल सांगते, कारण बांधणं एक आणि चालवणं वेगळं.

पहिला आठवडा मी सारखी फूटपाथच्या कडेवर चढत होते. सायकल वळण पार करते, ट्रेलर मात्र आतून कापत येतो. डावीकडे वळताना एक हात बाहेरून वळा. खांबांतून जाताना समोर बघा, मागे वळून बघितलंत की हँडल फिरतं. आधी जमिनीवर खडूने दोन रेघा मारून रिकामा ट्रेलर त्यातून काढायचा सराव करा. मी सोसायटीच्या गच्चीवर केला होता.

ब्रेक वळणाच्या आधी. वळणात ब्रेक दाबायचा नाही, अगदी हलकाही नाही. आणि गतिरोधक सरळच चढायचा, तिरका घेतला की एक चाक आधी चढतं आणि डबे एका बाजूला येतात.

भाऊ, तुमचं तर पाणी आहे. कॅन अर्धे भरू नका.

---

शिवळ | ११ मार्च, दुपारी ३.१०

अर्धा कॅन का नको? तेवढंच हलकं होईल ना?

---

वागळे_फिटर | ११ मार्च, सायंकाळी ६.४५

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. अर्ध्या कॅनमधलं पाणी हलतं. ब्रेक दाबलात की पाणी पुढे येतं, सोडलात की मागे जातं, आणि जोडावरचं वजन तुमच्या हातात राहत नाही. वळणावर ते बाहेरच्या बाजूला जमतं, नेमकं जिकडे ट्रेलर उलटायला बघतो तिकडे. तोंडापर्यंत भरलेल्या कॅनमध्ये पाण्याला हलायला जागाच नसते. म्हणून कमी न्यायचं असेल तर कमी कॅन न्या, पण काठोकाठ भरलेले. आणि झाडांना घालताना सगळ्या कॅनमधून थोडं थोडं काढू नका. एक कॅन पूर्ण संपवायचा, मग दुसरा. आधी मागचे, शेवटी पुढचे, म्हणजे ट्रेलर उलाळ होणार नाही.

कॅन बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पुरतात. ताणून बांधा, गाठ सैल नको.

---

मीठबंदर | ११ मार्च, रात्री ९.००

काकांचं पटलं, माझी तीनचाकीची सूचना मागे. पण ६० लिटर म्हणजे पूल चढताना जीव जाईल. मोटर किट बसवलं तर? कायद्याने चालतं का?

---

घोडबंदर_रोज | ११ मार्च, रात्री ९.४५

पायडलची सायकल मोटार वाहन नाही, तिला १९८८ चा मोटार वाहन कायदा नोंदणी सांगत नाही. मोटर लावली तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधली सूट बघायची. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक नीट, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. यात बसली तर तिला मोटार वाहन धरत नाहीत. ऑनलाइन मिळणारी बरीच किट याच्या वरची असतात, ती घेऊ नका.

पण माझं मत वेगळं आहे. चढ ही यांची अडचण नाहीच. सायकल २०, स्वार ६६, ट्रेलर १४, पाणी ६०, एकूण १६० किलो. सपाट डांबरावर ते ओढायला दीड-दोन किलोची ओढ लागते, कुणालाही झेपते. शंभर मीटरमागे पाच मीटर चढ असेल तर त्यावर आणखी आठ किलो. तेवढं नसेल झेपत तर उतरून ढकला, दोन मिनिटांचा प्रश्न. खरा प्रश्न उताराचा आहे. वजन जवळपास दुप्पट, ब्रेक तेच, म्हणजे थांबायचं अंतरही दुप्पट. मोटरने त्यात काडीचा फरक पडत नाही, उलट वेग वाढला तर बिघडतं. वेग अर्धा केला की थांबायचं अंतर पाव होतं. ताशी २० ऐवजी १० ने चालवा, ट्रेलरसकट तुम्ही मोकळ्या सायकलीपेक्षा लवकर थांबाल.

चढासाठी मागचं फ्रीव्हील बदला. काळ्या सायकलला साधारण पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. मागे २२ चं घातलं की पायडल बरंच हलकं होतं. चेनला एक-दोन कड्या जास्त लागतील.

रॉडचे ब्रेक ओल्या रिमवर धरत नाहीत. कॅन भरताना पाणी सांडतंच, तेव्हा निघण्याआधी रिम फडक्याने पुसा आणि चारही ब्रेक-रबर नवे घाला. पुलाच्या उतारावर, निदान पहिले काही दिवस, उतरूनच चाला. आणि कॅन घेऊन पाम बीच रोडला कधीच जाऊ नका, तिथला वेग या कामाचा नाही.

---

रानवाट | २२ मार्च, रात्री ९.३०

झाला!

तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने दोन संध्याकाळींत करून दिला. आधी तो चिमट्याची टोकं कापायला तयार नव्हता, पट्टीला भोक पाडून देतो म्हणाला. काकांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावला, आणि मग स्वतःच खाच खाली ठेवून वेल्ड केलं. मजुरी आणि पाइप मिळून २,८००, भंगारातल्या दोन सायकली ५००, टायर-ट्यूब नवे घातले. रेड ऑक्साइड आणि वरून पिवळा रंग मुलीने दिला. झेंडा तिच्या जुन्या ओढणीचा.

बाहेरून बाहेर रुंदी ७६ सेंटीमीटर. खांबांतून दोन्हीकडे सात-सात सेंटीमीटर मोकळे राहतात. तळावर प्लाय, त्यावर दहा लिटरचे सहा कॅन, दोनाच्या तीन ओळी. रिकामा ट्रेलर १४ किलो भरला.

विटा रचून काटा लावला. पहिल्यांदा कॅन भरून ठेवले तर काटा ११ किलो दाखवायला लागला. धुरजड. तिन्ही ओळी सहा सेंटीमीटर मागे सरकवल्या, मग साडेपाच किलो आला. त्या जागी प्लायवर रंगाने खुणा करून लाकडी पट्ट्या ठोकल्या, आता कॅन दुसरीकडे बसूच शकत नाहीत. शिवळ, त्या वेळी दांड्याचं टोक हातात घेऊन बघितलं. किंचित खाली ओढत होतं, तुमचे आजोबा म्हणायचे तसंच.

लांब अ‍ॅक्सल घातला. नटाबाहेर तीन आटे दिसतात. २२ दातांचं फ्रीव्हीलही टाकलं.

पहिल्या दिवशी रिकामा ट्रेलर गच्चीवर, खडूच्या रेघांमधून. डबेवाली ताई, तुमचं म्हणणं पहिल्याच वळणाला कळलं, डावं चाक सरळ रेघेवर. विसाव्या फेरीला जमलं. दुसऱ्या दिवशी २० लिटर, तिसऱ्या दिवशी ४०. आज पहिल्यांदा साठही.

सपाटीला मागे काही आहे असं वाटतच नाही. फक्त निघताना पहिली तीन-चार पायडलं जड जातात. गतिरोधकावर आधी सायकलचा ठोका, मग दोन श्वासांनी मागून दुसरा, आणि रबर दबतं ते टाचेपर्यंत जाणवतं. पूल ढकलत चढलो, ढकलतच उतरलो. उतरताना दोन्ही ब्रेक धरूनही ट्रेलर हाताला पुढे नेत होता. तेव्हा कळलं की त्या रविवारी मी काय करून बसलो होतो.

तीन फेऱ्यांत ३२ झाडं झाली. सहाला निघालो, पावणेआठला घरी. आधी आठ फेऱ्यांना अख्खी सकाळ जायची, आणि शेवटच्या चार झाडांना पाणी कमी पडायचं. ती टोकाची चारही ताम्हणच आहेत. आज त्यांना आधी घातलं.

एक अडचण: चालताना डाव्या बाजूने बारीक टिक-टिक येते. सांधा बघितला, रबर ठीक आहे. कशाची असेल?

---

बेलापूरची_डबेवाली | २२ मार्च, रात्री ९.५०

वाचून फार बरं वाटलं. मधल्या वारी एकटेच असता म्हणालात ना? बुधवारी माझे डबे अकराला निघतात, सकाळी माझा ट्रेलर रिकामाच असतो. त्यात तीन कॅन बसतील. सव्वासहाला नळापाशी येते.

---

उट्रेक्टहून | २२ मार्च, रात्री १०.२०

ओढणीचा झेंडा! फोटो नक्की टाका. टिक-टिकसाठी चाकाच्या तारा एकेक बोटाने दाबून बघा. भंगारातल्या चाकाची एखादी तार सैल असते.

---

वागळे_फिटर | २३ मार्च, सकाळी ६.३०

तारा बघाच, पण त्याआधी डाव्या अ‍ॅक्सलचा नट. नवीन पट्टी रंगावर बसलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत रंग चिरडतो आणि नट तेवढाच सैल होतो. पट्टीखालचा रंग कानशीने खरवडून लोखंडाला लोखंड टेकवा, मग आवळा. नटावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. निघताना रेघ जुळते का तेवढं बघायचं, पाना काढायची गरज नाही. आठवडाभर रोज, मग पंधरा दिवसांनी.

---

रानवाट | २३ मार्च, सायंकाळी ७.१५

नटच होता काका. पाव फेरा आवळला गेला. रंग खरवडला, पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ ओढली. तिकडच्या चाकाची एक तारही सैल निघाली, तीही ताणून घेतली. चौकात चक्कर मारून आलो, आवाज गेला.

ताई, बुधवारी सव्वासहा. तीन कॅन भरून ठेवतो.